खोडलेली मान

“ए लंबूटांग! दाराशी बादली आहे, डाव्या हाताला! घाल पाय आणि आपट तोंडावर!”

खेकडेमास्तर आपल्या टेबलावरूनच ओरडले. समोरच्या खोलीतून बगळेमास्तर बाहेर पडत होते. त्यांनी बादलीला वळसा घातला, मान ताठ केली आणि म्हणाले, “आधी तुझ्या नांग्या आवर!” मग भिंतीवरून बोटं फिरवत ते चहा प्यायला गेले.

रंगवणाऱ्या ताईला आता याचं नवल वाटत नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी बगळेमास्तरांनीच शब्द टाकून तिला इथे नोकरी लावली होती. इथे म्हणजे कार्टूनच्या स्टुडिओत. बावीस वर्षं एकच मालिका: बगळा खेकड्याला खायला टपलेला आणि खेकडा त्याच्या डोक्यावर शिडी, इस्त्री, झुंबर, जे हाती लागेल ते पाडतो. बगळा एक मास्तर काढायचे, खेकडा दुसरे. दोघांची खरी नावं आता पगाराच्या दिवशीच कानावर पडायची.

कामाची रीत ठरलेली होती. कागदावर आधी बगळा उमटायचा. मग गठ्ठा समोरच्या खोलीत जायचा, तिथे खेकडा यायचा आणि शेवटी कागद रंगायला ताईकडे. नियम एकच, पण कडक: दुसऱ्याच्या प्राण्याला पेन्सिल लावायची नाही.

“नवरा-बायकोसुद्धा एवढ्या नेमाने भांडत नाहीत,” सफाईच्या मावशी म्हणायच्या. त्या स्वतः बादली कुठेही ठेवून निघून जात. “वर्ष झालं बघ, खेकड्याने टेबल फिरवून दाराकडे तोंड केलंय. खिडकीकडे पाठ! उजेड नको, पण भांडण हवं.”

चित्रकाराने उजेडाकडे पाठ करून बसावं, ही गोष्ट ताईच्या डोक्यात अडकून राहिली. तिचा स्वभावच तसा. एकदा शंका आली की जेवण गोड लागायचं नाही.

त्यातच तिला ते चरे दिसले. बगळ्याची मान रंगवताना कागद तिरपा धरला, तर रेषेच्या बाजूला दुसरी रेष होती. खोडलेली. चोचीपाशीही तेच, पायापाशीही तेच.

ती बगळेमास्तरांकडे गेली.

“मास्तर, तुम्ही मान दोनदा काढता का हो?”

“मी?” ते हसले. “अगं, बावीस वर्षांत खोडरबर विकत घेतलेलं नाही मी! बरं, आलीच आहेस तर हा कितवा कागद ते सांग. आकडे किती बारीक लिहितात मेले.”

“एकशे चार.” आकडा चांगला बोटभर मोठा होता. मास्तरांचा चष्मा बदलायला झाला असावा, असं तिला वाटलं.

मग खोडतंय कोण?

त्याच आठवड्यात मालकीणबाईंनी सगळ्यांना बोलावलं. जुनी मालिका संपणार होती. नव्या मालिकेला एकच चित्रकार ठेवायचा होता. “बगळा हल्ली जरा अवघडल्यासारखा चालतो,” त्या म्हणाल्या. “पूर्वीची मजा नाही राहिली. बघू या महिनाभर.”

बगळेमास्तरांचा चेहरा पडला. ताईचा जीव तुटला. ज्या माणसाने आपल्याला पोटाला लावलं, त्याच्याच पोटावर पाय येणार होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले, तेव्हा ती पाय न वाजवता खेकडेमास्तरांच्या दाराशी गेली. मास्तर टेबलावर वाकले होते. समोर बगळ्याचा कागद. हातात खोडरबर. बगळ्याची अख्खी मान ते खसाखसा खोडत होते.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढचं बघायलाही ती थांबली नाही. थेट मालकीणबाईंच्या खोलीत शिरली.

खेकडेमास्तरांना बोलावणं गेलं.

“दुसऱ्याच्या प्राण्याला हात लावता तुम्ही?” मालकीणबाईंनी विचारलं.

“लावतो.”

“का?”

खेकडेमास्तरांनी दाराकडे पाहिलं. “बगळेमास्तर कुठे आहेत?”

“आज लवकर घरी गेले. का खोडता ते सांगा.”

“बघवत नाही म्हणून.”

“त्यांच्या जागेवर डोळा ठेवून हे उद्योग करता आणि वर तोंड करून सांगता? उद्यापासून येऊ नका.”

त्यांनी वाद घातला नाही. पेन्सिलींचा डबा खिशात टाकला. जाताना ते ताईपाशी थांबले.

“मावशींना सांग, बादली तेवढी वाटेत ठेवू नका म्हणावं.”

जाताजाताही खोड जात नाही, ताईच्या मनात आलं. मावशींना तिने काही सांगितलं नाही. घरी जाताना तिला फार हलकं वाटत होतं.

सकाळी ती लवकर आली. बगळेमास्तर त्याहून लवकर येऊन कामाला लागले होते आणि ताजा गठ्ठा दाराबाहेरच्या फळीवर ठेवलेला होता. मालकीणबाईंनी ताईला कागद आता सरळ आपल्या खोलीत आणायला सांगितले होते. समोरची खोली रिकामी होती. मावशी नुकत्याच फरशी पुसून गेल्या होत्या.

ताईने वरचा कागद उचलला. बगळ्याचा डोळा मानेवर होता. चोच डोक्यापासून दोन बोटं लांब, नुसतीच हवेत. एक पाय कागदाच्या कडेवरून बाहेर गेला होता. तिने दुसरा कागद पाहिला, तिसरा पाहिला. सगळे तसेच.

दार उघडलं. बगळेमास्तर उंबऱ्यावर आले, एक पाय उचलला आणि तो तसाच अधांतरी धरून थांबले. ताई त्यांच्या अगदी समोर, हातभर अंतरावर उभी होती.

“कोणी आहे का तिकडे?” त्यांनी विचारलं. “आज हा खेकड्या शिव्या का देत नाही? बादली कुठे आहे?”