पुलावरचा चिखल
१९१८ मध्ये आल्सास जर्मनीकडून परत फ्रान्सकडे आलं, आणि आईबापांच्या जन्मगावावरून माणसांना कार्डं वाटली गेली. पिंपं बनवणारा राइनहोल्ट आमच्याच गावात जन्मलेला, पण त्याचे आईबाप नदीपलीकडचे, जर्मनीतले. त्याला ‘डी’ मिळालं, म्हणजे तीस किलो सामान घ्या आणि चालते व्हा. त्याची बायको इथलीच होती. ती वारली, पण तिच्यामुळे मुलगी सालोमेला ‘बी’ मिळालं आणि ती राहू शकत होती. तिचं लग्न ठरलं होतं त्या घरात सगळे ‘ए’, म्हणजे आईबापांपासून अस्सल इथले. निघायच्या सकाळी ऱ्हाईनच्या पुलाशी सगळा गाव शिव्या द्यायला जमला. राइनहोल्ट पेटी घेऊन येताना दिसला, तशी सालोमेच्या होणाऱ्या सासूने तिच्या हातात चिखलाचा गोळा ठेवला. “मार.” “काकू, बाप आहे माझा.” “म्हणून तर. उद्या लोक म्हणतील, जर्मनाची पोर घरात आणली. मार, नाहीतर जा त्याच्याच मागे.” सालोमेने मारला तो कठड्यावर फुटला, लोक हसले. “हा चुकवू नकोस,” म्हणत सासूने दुसरा दिला. कोण मारतंय ते राइनहोल्टने वळून पाहिलं. त्याने पेटी खाली ठेवली, टोपी काढली आणि लेकीकडे तोंड करून अजिबात न हलता उभा राहिला. गोळा गालावर बसला. शिपायाने त्याला पुढे ढकललं. सासूने आपल्या एप्रनला सालोमेचे हात पुसले. “रविवारी जेवायला ये,” ती म्हणाली, “तारीख ठरवून टाकू.”