चूल पुढं मांडली तेव्हा

सकाळी भागिरथी कामावर आली, तर मागच्या खोलीतली चूल मोडलेली. मालक बन्सीनं नवी चूल हॉटेलच्या तोंडाशी, थेट पुणे-नगर रस्त्यासमोर मांडली होती. शेजारच्या खुर्चीवर हिरवं नऊवारी लुगडं.

दहा वर्षं ती मागं पत्र्याच्या खोलीत भाकरी थापत होती. यायचं-जायचंही मागच्याच दारानं.

“पुढं कशापायी?” तिनं विचारलं.

“जमाना बदलला, बाई. आमच्या दादांच्या टायमाला चहा-भजी चालायची. मग सुप्यात कंपन्या आल्या, राइसप्लेट चालू केली. आता पुण्याच्या मोटारी थांबत्यात. त्यांना चुलीवरची भाकरी डोळ्यांनी बघायची असती.”

“आन् लुगडं?”

“तुलाच हाय. नेस.”

बन्सी उगाच काही देणारा नव्हता. तिनं लुगडं उलटसुलट करून पाहिलं. नेसली, पण मन काही स्वस्थ बसेना.

दुपारी एक मोटार थांबली. नवरा-बायको चुलीजवळच्या टेबलावर बसले. दुसरी भाकरी घेताना गृहस्थांनी विचारलं, “मावशी, छान करता हो. कुठल्या तुम्ही? आडनाव काय?”

“आमची चुलती हाय,” गल्ल्यावरून बन्सी घाईनं म्हणाला.

भागिरथीचा हात परातीतच थांबला. लुगडं कशासाठी, ते आता कळलं.

“भागिरथी साळवे,” ती म्हणाली. “हितंच, बुद्धविहाराच्या मागं ऱ्हाते. ह्यांची कुनी न्हाई.”

गृहस्थ हसले. “आम्ही तसलं काही मानत नाही हो.” मग घड्याळाकडं बघून उशीर झाला म्हणाले आणि हात धुवायला उठले. भाकरी अर्धी राहिली. बायकोनं मात्र आपली संपवली.

मोटार गेली तसा बन्सी तणतणत चुलीपाशी आला. “उद्यापासून परत मागं बस!”

बाकीच्या टेबलांवरची माणसं जेवायची थांबली. भागिरथीनं तव्यावरची भाकरी उतरवली, बाजूला पिठलं वाढलं आणि ताट त्याच्यापुढं धरलं.

“मालक, धा वर्सं तुमी घरनं डबा आनताय. आज हितलं खावा.”

बन्सीनं इकडंतिकडं पाहिलं. कंपनीतले कामगार त्याच्याकडंच बघत होते. त्यानं ताट घेतलं.

पण बसला नाही. ताट हातात धरून तसाच उभा राहिला.