खाडीतला ठिपका

ठिपका हलत नव्हता.

शेवंताबाईंनी फोन सुनेसमोर धरला. "बघ. मगापासून तिथंच हाय." नकाशावरच्या निळ्या पाण्यात, खाडीच्या तोंडाशी, काठापासून बरंच आत, तिचे सासरे कमळाकर होडीसकट एका जागी उभे होते.

सासूबाई फोनवर फक्त "जेट्टीवर ये" एवढंच म्हणाल्या होत्या, म्हणून नमिता ऑफिसातून घरी न जाता थेट दिवाळे गावच्या धक्क्यावर आली होती. खांद्यावरची बॅग तिने उतरवली नाही. बॅग उतरवली तर आपणही बसू, आणि बसलो तर उठवणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

"रेंज नसेल, आई."

"रेंज हाय. रिंग जातंय. उचलत नाय."

शेवंताबाईंना वाचता येत नव्हतं, ठिपका मात्र वाचता यायचा. तिवरांच्या कोपऱ्यावरून तो वळला की त्या भात लावायच्या आणि टोपली घेऊन धक्क्यावर यायच्या. कमळाकरांकडचा फोन मुलाचा, विपुलचा जुना. नवा घेऊ म्हटलं की, खाऱ्या पाण्यात नवा कशाला घालवायचा, असं कमळाकर म्हणायचे. पण हल्ली त्याची बॅटरी दुपारीच मान टाकायची. ठिपका थांबायचा. शेवंताबाई फोन लावायच्या, त्यातली बाई 'बंद आहे' म्हणून सांगायची, आणि त्या फोनला एक शिवी हासडून भरतीच्या अंदाजाने कामाला लागायच्या.

ते नमिताने मनावर घेतलं होतं. आठवडाभर ती रोज संध्याकाळी सासऱ्यांच्या हातातून आधी फोन घ्यायची आणि किती टक्के उरले ते बघायची. स्क्रीन मंद केली. नको ती ॲप्स काढली. मागच्या मागे काय चार्ज खातंय ते शोधून एकेक बंद केलं. तरी काटा फारसा हलला नाही. काल रात्री डोळे मिटत असताना तिने शेवटचा उपाय केला: चार्ज अर्ध्यावर आला की फोनने आपोआप बॅटरी सेव्हरवर जायचं.

तिने पुन्हा नकाशाकडे पाहिलं. ठिपक्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, शेवटची जागा दुपारची.

"आई," ती म्हणाली, "मी काल त्यात एक सेटिंग केलं. बॅटरी वाचवायला. अर्धी झाली की तो जागा कळवणं बंद करतो. म्हणून थांबलाय."

शेवंताबाईंनी नीट ऐकून घेतलं. "मग ते हायेत कुठं?"

नमिताने पाण्याकडे पाहिलं. ठिपका का थांबला ते तिला माहीत होतं. होडी कुठे आहे ते माहीत नव्हतं.

धक्क्यावर जवळा गोळा करणाऱ्या दुर्गाबाई वाकल्या-वाकल्याच बोलल्या, "काय गो शेवंते, म्हातारपनी नवऱ्यावर नजर? कोन पळवते त्याला त्या चिखलात?"

एरवी शेवंताबाईंनी व्याजासकट परत केलं असतं. आज त्यांची नजर फोनवरून हलली नाही. दुर्गाबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, जवळ्याचं सूप खाली ठेवलं आणि पदराला हात पुसत शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "माझ्या प्रितमला होडी काढायला सांगू?"

"पानी उतरतंय," शेवंताबाई म्हणाल्या. "आता काढली तर तीबी रुतेल."

त्यांनी पुन्हा फोन लावला. रिंग पूर्ण गेली. नमिता बॅगेचा पट्टा घट्ट धरून उभी होती. ओहोटीला लागलेलं पाणी धक्क्याच्या पायऱ्या एकेक करून उघड्या टाकत होतं.

इंजिनाचा आवाज दुर्गाबाईंनी आधी ओळखला. "आला तुजा!"

होडी तिवरांच्या कोपऱ्यावरून वळली. कमळाकर सुकाणूपाशी उभे होते आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतला फोन डोक्यावर धरून नाचवत होते. "नमिता! सत्तेचाळीस उरलीय! सत्तेचाळीस!"

होडी लागली. पिशवी आधी सुनेच्या हातात देऊन ते धक्क्यावर चढले आणि बायकोकडे वळले. "आज मासळी बरी होती, म्हनून थांबलो. आन् काय गो, एवढे फोन? इंजिनापुढं ऐकू येतंय काय? तू खाल्लीस बॅटरी, नायतर पन्नास असती."

शेवंताबाईंनी टोपली भरली. वर बघितलंच नाही.

"नमिता, तो फोन पैल्यासारखा कर."

"आई, मग तो पुन्हा दुपारीच बंद पडेल."

"पडू दे. ती बाई सांगते ना, बंद हाय म्हनून. फोन मेला तर मना कळतंय, फोन मेला." त्यांनी टोपली डोक्यावर घेतली. "आज फोन जिता होता, आन् उचलत कोन नव्हतं."

कमळाकर सुनेकडे बघत राहिले. नमिताने मान खाली घालून पिशवीची गाठ सोडायला घेतली. गाठ ओली होती, लवकर सुटेना.

घरी आल्यावर तिने सेव्हर काढला. ठिपका खाडीतून उठला आणि घरावर येऊन बसला. शेवंताबाईंनी आपला फोन ओट्यावर, मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला.

कमळाकर जेवत होते. कालवण संपवून त्यांनी आणखी थोडा भात मागितला.

शेवंताबाईंनी आधी फोनकडे पाहिलं, मग वाढला.