न धुतलेलं मांस

शिकारी गरुडिणीला द्यायचं मांस बेर्दीबेक पाण्यातली लाली पुरती जाईपर्यंत धूत असे. रक्त निघून गेलेल्या मांसाने तिची भूक भागत नसे, आणि भूक असली तरच ती उडून त्याच्या हातावर परत येई.

काही हिवाळे शिकार करून घेतली की गरुडीण डोंगरात सोडून द्यायची, ही कझाकांची रीत. कुल्याश दर वसंतात नवऱ्याला, बेर्दीबेकला, या रीतीची आठवण करून द्यायची.

"पुढच्या वर्षी बघू," म्हणत तो गरुडिणीशी लाडाने बोलत राही.

"तिच्याशी किती मऊ बोलता! माझ्याशी कधी बोललात असं?"

"तू कुठे उडून जाणार आहेस?" तो हसायचा.

या हिवाळ्यात घोड्यावरून पडून त्याचा गुडघा दुखावला आणि गरुडिणीला भरवायचं काम कुल्याशकडे आलं. तिने मांस धुतलंच नाही. रोज रक्ताळलेले तुकडे पोटभर भरवले. माजली की जाईल एकदाची.

गुडघा जरा बरा झाल्यावर बेर्दीबेकने टेकडीवरून गरुडिणीला उडवलं. घिरट्या घालून ती खाली वळली. त्याने हाक मारली, हात पुढे केला. हातावरून पुढे जाऊन ती थेट घराशी उतरली, कुल्याशजवळच्या लाकडांच्या ढिगावर, आणि तिच्या बाहीला चोच घासू लागली.

"आलीस होय गं?" कुल्याशच्या तोंडून नकळत निघालं, अगदी मऊ.

बेर्दीबेक लंगडत खाली आला. त्याने दोघींकडे बघितलं.

"या वसंतात सोडून देऊ तिला," तो म्हणाला.