धर्मगुरूंचा कोट

“बाह्या दोन बोटं लांब कर आणि कंबरेत जरा घे,” धर्मगुरूंनी काळा कोट शिवणयंत्रावर ठेवत सांगितलं.

शिंपीण हसली. “गुरुजी, म्हातारपणी माणूस आखडतो. तुमचे हात कसे वाढले?”

“लोकांच्या पाठी थोपटून थोपटून.”

“थांबा, माप घेते.”

“माप कशाला? सांगतोय तेवढं कर.”

तिने वाद घातला नाही. पण त्या कोटाला हात लावणं तिच्या जिवावर आलं होतं. पलटणीची रीतच तशी होती. जवान गेला की धर्मगुरू हा कोट चढवून स्वतः त्याच्या घरी येत. एरवी ते साध्या सदऱ्यात फिरत, कुणाकडेही हक्काने चहा मागत. पण गल्लीच्या तोंडाशी कोट दिसला की धडाधड दारं लागत. जणू कडी लावली की मरण पुढच्या घरी जाईल.

शिंपिणीच्या दारी तो कोट एकदाच आला होता, तिचा नवरा गेला तेव्हा. तिने दार उघडलं नव्हतं. धर्मगुरू दिवसभर पायरीवर बसून राहिले होते. नंतर हे शिवणयंत्रही त्यांनीच मिळवून दिलं. गल्लीतल्या बहुतेक घरांत त्यांचं असं काही ना काही होतं. आता ते निवृत्त झाले होते आणि उद्या सभागृहात त्यांचा सत्कार होता.

“गुरुजी, पोराचं पत्र नाही बरेच दिवस,” ती मान खाली घालून म्हणाली. तिचा एकुलता एक मुलगा त्याच पलटणीत जखमींना उचलून आणायचं काम करायचा. लहानपणी तो धर्मगुरूंचं शेपूटच होता.

“कामात असेल. तू उद्या ये. पहिल्या रांगेत तुझी खुर्ची ठेवलीय.”

“तुमच्याबद्दल मला काय वाटतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पण हा कोट चालताना मला बघवणार नाही. मी नाही येत.”

“शब्द देतो. या गल्लीत हा कोट माझ्या अंगावर तुला पुन्हा दिसणार नाही.”

कोट तिने त्याच रात्री पोचता केला. दुसऱ्या दिवशी गल्ली नटूनथटून निघाली. शेजारची पाववाली तिच्या दारात थबकली.

“चल की गं! नवा धर्मगुरूही आलाय म्हणे, पलटणीतलाच. अगदी कोवळा आहे. त्याला तरी बघू.”

“तूच बघ. जावई करायचाय का?”

पाववाली हसत गेली. गल्लीत म्हातारीकोतारी तेवढी उरली. शिंपिणीने यंत्र सुरू केलं.

एक दार धाडकन लागलं. मग दुसरं.

तिने खिडकीतून डोकावलं. गल्लीच्या तोंडाशी काळा कोट होता. चेहऱ्याकडे बघायचं तिला धाडस झालं नाही. तिने कडी लावली आणि पाठ दाराला टेकली. पावलं एकेक घर मागे टाकत आली आणि तिच्याच पायरीवर थांबली.

दार वाजलं.

“शब्द दिला होता तुम्ही!” ती ओरडली. “जा इथून! मी दार उघडत नाही तोवर माझं पोर जिवंत आहे!”

दारावर पुन्हा हलकेच टकटक झाली.

“आई, उघड ना. बाह्या अगदी बरोबर झाल्यात.”