बोर्डावरचं पहिलं नाव

"आमी कितीबी लवकर बोट ठेवलं तरी तेच पह्यली येते," शाळेत जेवणाच्या रांगेतून रागिणी माझ्या कानाशी कुरकुरली. मी तिच्या ताटात खिचडी वाढली. शेजारी सईदाचा डाव पातेल्यातच थांबला.

आदल्या वर्षी कापूस बुडाला, तरी आमच्या गावानं वर्गणी करून शाळेला डिजिटल बोर्ड आणि पोरांना टॅब घेतले. पार अमरावतीहून माणसं पाहायला येत. खिचडी ढवळता ढवळता त्याच बोर्डावरून मी आणि सईदा वाचायला शिकलो. गुरुजी प्रश्न लावत. टॅबवर ज्याचं उत्तर आधी, त्याचं नाव बोर्डावर झळके.

रोज अलीझाचंच झळके.

अलीझा सईदाची लेक. दिवाळीत कापूस वेचताना तिला पान लागलं. आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत. सईदासमोर मग आम्ही अलीझाचंही नाव घेणं सोडलं. तिचा टॅब कपाटात बंद होता, तरी बोर्डावर नाव येतच राहिलं. गुरुजींनी बोर्डातून तिचं नाव काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी ते परत आलं.

त्या दुपारी भांडी तशीच टाकून सईदा ओल्या हातांनी वर्गाच्या दारात उभी राहिली. मी तिच्या मागे.

गुरुजींनी अजून प्रश्न लावलाच नव्हता. नाव मात्र आलं होतं.

पोरं खाली पाहू लागली. गुरुजींचा हात घाईनं बटणाकडे गेला.

"राहू द्या, गुरुजी," सईदा म्हणाली. तिची मान ताठ होती. "मेली माही पोरगी. पण पाहा, आजबी पह्यलीच हाये."