झारीचा वाकडा कान

वाचकहो, तांब्याची एक झारी, तिचा एक कान आणि दोन सख्खे भाऊ यांची हकिगत पुढील ओळींत सादर करीत आहे. ती लहान आहे. तीत अलंकार नाहीत.

धाकट्याने झारी हातात घेतली आणि तो हसला.

"कोण हा शहाणा? कान लावलाय की कान पिरगाळलाय?"

समोर एक तरुणी उभी होती. ती भर दुपारच्या उन्हातून आली होती. झारी तिने जुन्या चादरीच्या तुकड्यात बांधून आणली होती.

कार्यशाळा म्हणजे एक खोली, एक भट्टी आणि दोन ऐरणी. त्यांपैकी एका ऐरणीवर नऊ वर्षे पॉलिशचे डबे मांडलेले होते. कोपऱ्यात धाकट्याची पत्नी चिंधीने भांड्यांस चकाकी आणीत बसली होती.

"इकडे बघ," तो तिला म्हणाला. "आत सळई न धरताच रिव्हेट ठोकलेत. पत्रा सगळा आत बसलाय."

झारीचा गळा अरुंद असतो. त्यातून हात आत जात नाही. म्हणून एक वाकडी सळई आत सारून तिचे टोक भोकामागे टेकवावे लागते, आणि मगच बाहेरून कान जखडणारा रिव्हेट ठोकावा लागतो. ती सळई धाकट्याने स्वतः घडवली होती. ती भिंतीवर खिळ्यास टांगलेली असे.

पूर्वी या खोलीत दोघे भाऊ काम करीत. थोरला सपाट पत्रा ठोकून ठोकून त्यातून झारीचे पोट उभे करी. धाकटा कान घडवून बसवी. एके दिवशी एका गिऱ्हाइकाने कानाची फार स्तुती केली. थोरला म्हणाला, "कानाचं काय एवढं? कान कोणीही लावील." धाकटा म्हणाला, "मग लाव की." एवढेच झाले. त्याच संध्याकाळी थोरला आपली हातोडी घेऊन बायकोमुलीसह दुसऱ्या गावी निघून गेला.

तदनंतर धाकटा यंत्रावर तयार झालेली पोटे विकत आणून त्यांस कान लावू लागला. त्याने मनाशी एकच निश्चय केला होता. थोरल्याने तो शब्द मागे घ्यावा, म्हणजे आपण स्वतः जाऊन त्याला घेऊन येऊ. त्याआधी एक पाऊलही टाकायचे नाही. नऊ वर्षे शब्द आला नाही, आणि पाऊलही पडले नाही.

"दुरुस्त होईल का?" तरुणीने विचारले.

"न व्हायला काय झालं? रिव्हेट छाटायचे, पत्रा वर काढायचा, नवा कान बसवायचा." त्याने छिन्नी उचलली. डाव्या हाताने झारीचे पोट घट्ट धरले. आणि त्याचा अंगठा जागीच थांबला.

पोटावर ठोक्यांच्या ओळी होत्या. पेरलेल्या दाण्यांसारख्या एकसारख्या. प्रत्येक ठोक्याच्या कडेला केसाएवढी बारीक चंद्रकोर होती. थोरल्याच्या हातोडीचे तोंड एका बाजूस उडालेले होते. ती खूण दुसऱ्या कोणाच्याही कामावर सापडत नसे.

"ही दादाची झारी आहे," तो म्हणाला.

पत्नी केव्हाच उठून तरुणीजवळ उभी राहिली होती. "ठोके बरे ओळखलेत," ती म्हणाली. "सख्खी पुतणी मघापासून समोर उभी आहे, ती नाही दिसली."

धाकट्याने छिन्नी सोडली नाही. "मग हा कान कोणाकडून लावून घेतला त्यानं? मला विचारायला जीभ झिजली असती?"

"बाबांनीच लावलाय, काका."

"दादानं?"

"पंधरा दिवस खपत होते. खाटेवर बसून. हात थरथरायचे. नऊ वर्षं त्यांनी बिनकानाचीच भांडी केली. वाट्या, ताटं, डबे. आई म्हणाली, ही पण राहू दे तशीच. तर म्हणाले, एकदा लावून बघायचाय." ती थांबली. "मग म्हणाले, ही काकाला नेऊन दाखव. आणि सांग, नाही जमला."

धाकटा उठला. तो चपला शोधू लागला. उजव्या पायाची चप्पल तो डाव्या पायात घालीत होता.

"एवढंच सांगायला नऊ वर्षं लावली. हट्टी मेला. चल, मीच येतो. घरीच आहे ना आता?"

"काका," पुतणी म्हणाली, "बाबा मागच्या बुधवारी गेले. झोपेतच."

चप्पल पायात अर्धी गेली होती. ती तशीच राहिली. पत्नीने पुतणीस जवळ घेतले. भिंतीवरची वाकडी सळई तेथेच लटकत होती. ती दादाला एकदाही हातात धरून दाखवली नव्हती, हे धाकट्याला त्या क्षणी आठवले.

झारी त्याच्यापुढे सरकवीत पुतणी म्हणाली, "नवा कान लावून द्या. बरा दिसेल."

त्याने झारी ऐरणीवर घेतली. छिन्नीची धार रिव्हेटवर टेकवली. हातोडी उचलली. ती वर गेली, परंतु खाली आली नाही.

त्या दिवसापासून दुसऱ्या ऐरणीवर पॉलिशचे डबे नसतात. तेथे ती झारी असते. येणारे गिऱ्हाईक हटकून तिच्याकडे बोट दाखवते आणि हसून विचारते, "हा कान लावला तरी कोणी?"

"माझ्या थोरल्या भावानं," धाकटा सांगतो. "असा कान कोणालाही लावता यायचा नाही."

येथवर वाचणाऱ्या सर्व वाचकांचा मी अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
कान लावणारा धाकटा